रात्री अकराची गल्ली

दिवसा सगळ्याच गल्ल्या शहाण्या दिसतात,
म्हणून बसची शेवटची फेरी संपवून
मी रात्री अकराला जाते,
गाडीचे दिवे विझवून बसून राहते.

मेपलच्या गल्लीत हिरवळ कातरलेली,
कुत्रीसुद्धा हळू भुंकणारी.
किंमत अशी, की येणारं भाडं
हप्त्याच्या घोट्यालाही लागत नाही.

नदीपलीकडचं घर निम्म्यात.
एका खिडकीला काचेऐवजी पुठ्ठा,
कोपऱ्यावरचा दिवा लुकलुकतो, मरत नाही.
वहीत लिहिलं: दिवा, वजा एक.

पायरीवर ऑर्विल, वरच्या मजल्याचा भाडेकरू,
घराबरोबरच विकायला निघालेला.
रात्री शांत असतं का इथं?
"राहायला येणार तुम्ही?"
नाही.
"मग शांततेचं काय करणार, बाई?
हीटरचं विचारा. जानेवारीत तीनदा विझला."

परतताना टोलेडोचा पूल रिकामा.
सव्वीस वर्षं एक तारीख चुकवली नाही मी;
कुणाच्या वहीत
माझ्यापुढे काय लिहिलेलं असेल?

गाडी कडेला घेऊन 'वजा एक' खोडलं.
त्याच्या जागी काय लिहावं, सुचेना.
खाली
नव्या हीटरची किंमत लिहिली,
आणि तिच्यापुढे कंसात: डिसेंबरच्या आत.