नाईक, कोहळा फीडर

रात्रपाळी. बोरगव्हाण फाट्यावरचं उपकेंद्र.
ट्रान्सफॉर्मरची घरघर, पॅनलवर पाच हिरवे दिवे,
ट्यूबलाइटमागं दबा धरून बसलेली पाल,
अन् टेबलावर, चार्जरला लावलेली माझी पलटण.

इथं मी ऑपरेटर उमरे, कंत्राटी.
तिथं मेजर. पैनगंगा पलटण, सोळा जण.
दोन पुसदचे, एक मंगरुळपीरचा,
एक शारजात वेल्डिंग करतो,
बाकीचे भरतीसाठी पहाटे रोडवर सोळाशे मीटर पळतात
अन् रात्री बसल्या जागी दमतात.

आज एकाला नाईक करायचं होतं.
करायचं तर कारण वाचून दाखवा, हा नियम माझाच.
म्हणून डबा खाऊन झाल्यावर
वहीच्या मागच्या पानावर लिहायला बसलो:

किलो-सात. वैद्यक. माइक कायम बंद.
दोन वर्षांत शत्रू मारले तीन,
त्यातला एक आपलाच होता.
उचलून आणले चारशे बारा.

पुढं काय लिहू?
बर्फातल्या गावाची ती लढाई लिहू?
(बर्फ आम्ही कोणीच पाहिला नाही,
पुसदचे दोघं म्हणतात, पाहिला, लस्सीत.)
ऐन चढाईत वायरमनचा फोन आला, जंपर तुटला म्हणून,
अन् मी, मेजर, स्वतःला उघड्यावर टाकून
बॅटरी घेऊन यार्डात गेलो.
वीस मिनिटांनी परत आलो तर
भिंतीआड होतो मी, पट्टी बांधलेला,
अन् किलो-सात माझ्याकडं पाठ करून पहाऱ्यावर.
लढाई हरून संपलेली. बाकी सगळे झोपायला गेलेले.

हजेरीही तोच ठेवतो.
मागच्या महिन्याची काढली, पुरावा म्हणून:
'किलो-सात, २२:१० ते २२:५६ गैरहजर.'
'किलो-सात, २१:४० ते २२:२६ गैरहजर.'
स्वतःची इतकी खरी हजेरी कोण लावतं?
वाचता वाचता हात थांबला.
हे आकडे मी कुठंतरी लिहिले आहेत.

शेजारी लॉगबुक उघडंच होतं.
कोहळा फीडर. बंद २२:१०. चालू २२:५५.
कोहळा फीडर. बंद २१:४०. चालू २२:२५.
अक्षर माझं. बोट माझं, लाल बटणावर.
त्या गावच्या टॉवरचं डिझेल कोणी ना कोणी नेतं,
बॅटऱ्या केव्हाच्याच गेल्या.
फीडर पडला की टॉवर पडतो,
टॉवर पडला की माझा वैद्यक.
मधला तो एक मिनिट टॉवरला उठायला लागतो.
महिन्यात सव्वीस वेळा पाडला मी त्याला,
अन् सव्वीस वेळा तो एका मिनिटात हजर.

साडेनऊ. पलटण रांगेत.
नऊ सदतीसला फोन वाजला:
"उमरे, लोड वाढला. कोहळा काढ पाऊण तास."
काय सांगणार होतो?
साहेब, कोहळ्यात एक बढती आहे?
काढला.
पॅनलवरचा एक दिवा लाल,
रांगेतून एक शिपाई गायब.

शारजावाला म्हणाला, मेजर, दुसऱ्याला करा ना.
म्हटलं, उभे राहा.
काहून, ते नाही सांगितलं.

दहा बावीसला बटण दाबलं. हिरवा.
दहा तेवीस. किलो-सात रांगेत, आपल्या जागेवर.
मी कागद वाचला. घसा जरा धरला, वायरमन हसला.
"पलटणीच्या हुकमानं, आजपासून नाईक.
नाईक, हजेरी द्या. आवाजात द्या."

माइकचा दिवा लागला. पहिल्यांदाच.
आधी नुसती धडधड,
पट्टा फिरतो, जातं घुमतं, डब्यावर डबा सरकतो,
मग गिरणीच्या वर चढलेला एका बाईचा आवाज:
"हजर हाये मेजरसाहेब, पण लाइन आत्ताच आली,
सात जणींचं दळण पडलं हाये.
उभे राहा जरासे. आली मी."

माइक चालूच राहिला.
मेजरसकट पंधरा जण
बर्फात सावधान उभे,
कोहळ्याची ज्वारी ऐकत.