कोड सत्त्याण्णव

ऐरोलीत, सातव्या मजल्यावर, रात्री साडेअकराला
मी एका देशाचं मत मोजायला बसते.
देश लांबचा. व्यापाराच्या गटातून बाहेर पडला
त्याला झाली काही वर्षं,
आणि दर तीन महिन्यांनी कुणीतरी त्याला विचारतं:
पडलात, ते बरोबर केलंत का?

बरोबर म्हणाले तर एक.
चुकलं म्हणाले तर दोन.
सांगता येत नाही, तीन.
फोन आदळला, नव्व्याण्णव.
आणि या कशातच बसत नाही ते
सत्त्याण्णव. इतर.

फुलवाला म्हणतो, ट्रक सीमेवर नऊ तास उभा,
कळ्या भरल्या होत्या, उतरली फुलं.
दोन.
चीज करणारी बाई म्हणते,
गुरांच्या डॉक्टरची सही लागते आता, अकरा पानांवर अकरा,
तरी मी केलं ते बरोबरच, पुन्हा फोन करू नका.
एक.
एक म्हातारा उलट विचारतो,
महागाई युद्धानं आली, साथीनं, की आमच्यामुळं?
तुम्हीच सांगा, आकडे तुमच्याकडं.
आहेत ना आजोबा.
एक, दोन आणि तीन.

पहाटे पट्ट्या रंगतात.
निळी अर्ध्या टक्क्यानं सरकली
की वर्की सर मेलमध्ये लिहितात, 'कल'.

परवा आलं उत्तर क्रमांक चार हजार बारा.
मासेमार, वय एकसष्ट, शिंपले काढतो.
'समुद्र आमचा झाला.
गिऱ्हाईक पलीकडंच राहिलं.
माल कुजला.
तरी समुद्र आमचा झाला.'
माझं बोट एकवर गेलं, मग दोनवर,
मग मी खुर्ची मागं ढकलून चहाच्या मशीनपाशी गेले.

तिथल्या काचेतून दिवा कोळीवाड्याचे दिवे दिसतात,
त्यातला एक हसुराम काकांच्या ओट्यावरचा.
मी दहावीत होते तेव्हा काकांनी
मच्छीमार सोसायटीतून अकरा होड्या बाहेर काढल्या.
शेकड्याला चार कापतात,
आणि मोटारसायकल सेक्रेटरीची नवी होते, म्हणाले.
नारळ फुटला, बँड आला,
काका महिनाभर नवरदेवासारखे चालत होते.
मग सोसायटीच्या कारखान्याचा बर्फ बंद झाला.
तुर्भ्याहून टेंपोनं आणायचा,
घणसोलीपर्यंत त्याचं निम्मं पाणी.
डिझेलचा परवाना अडला. जाळ्यांचं कर्ज अडलं.
सात होड्या एकेक करून, रात्रीच्या, दंड भरून परत गेल्या.
वाड्यात अजून कुणी म्हणतं काकांनी बुडवलं,
कुणी म्हणतं त्यांनी तरी दाखवलं.
मढव्यांच्या दोन घरांत त्यावरून लग्नाची पत्रिका जात नाही.

काकांना कुणाचा फोन आला नाही.
म्हणून मीच विचारलं एकदा, ते जाळं शिवत होते तेव्हा,
कामावर शिकवतात तसं, आवाज सपाट ठेवून,
उत्तर न सुचवता.
'कनाला ईचारतंस?'
मग सुई चार वेळा आत-बाहेर.
'काटा आपला हाय. वजन आपन करतो.'
आन बरफ?
'बरफ बरफासारका वागतंय.'

चार हजार बाराला मी सत्त्याण्णव दिलं.
सरांनी बोलावलं.
इतर पाच टक्क्यांच्या आत हवं,
तुझं चौदावर गेलंय, क्लायंटला इतर आवडत नाही.
मी म्हटलं, सर, वाचून बघा.
त्यांनी वाचलं, खरंच वाचलं, ओठ हलवत,
चष्मा पुसला,
आणि दोन केलं.

सकाळी सहाला घरी येताना
नाक्यावर टेंपो उभा होता.
काका एकटेच लादीचं पोतं ओढत होते,
भुसा गळत होता, मागं ओली रेघ.
मी ओळखपत्र गळ्यातून काढून पर्समध्ये टाकलं
आणि दुसरं टोक धरलं.
'जोरान धर,' म्हणाले.
बोटं बधिर झाली तरी धरलं.
जेट्टीपर्यंत पोतं हलकं होत गेलं,
ते दोघांनाही कळत होतं.