पायाडाची भोकं

शायेच्या भितीवून पडलो तवा
पायाड नाई सरकलं, मीच सरकलो.
लोकायले हे सांगजा.
बल्ली लतीफनं बांधली होती
अन् लतीफची गाठ अजून तशीच हाय.

नडगीचा तुकडा गेला, दोन बोटं.
गेला म्हंजे चुराच झाला,
वर्ध्याले नेईपर्यंत त्यात रेती न् गिट्टी.
डाक्टर मोहोड बाईनं तो धुतला, फेकला,
रॉड टाकला, अन् म्हने,
मधातली जागा भराची हाय, मामा.

म्या म्हनलं, भरा.
भरनं तं आपला धंदा.

बाईनं बाटलीतून तयहातावर काढून दाखवले
पांढरे खडे, तुरीच्या दान्याएवढे.
हाडात जे असते तेच, म्हने,
फक्त भट्टीत भाजलेलं.
भिंगातून पायलं
तं जायी!
सारी जायी पडलेली.

तीस वर्सं या जायीपायी शिव्या देल्ल्या.
सेंट्रिंग काढलं अन् स्लॅबात जायी दिसली
का ठेकेदार रोजी कापे.
पोट्ट्यायले मी गजानं मसाला घोटाले लावो,
हवा ठेवू नका रे, हवा म्हंजे चोरी.
अन् हे बाई माह्या पायात
पैसे घेऊन हवा भरून रायली.

ते हासली.
भोकं पायजेतच, म्हने, रगताले वाट पायजे.
अन् एक भोक दुसऱ्यात निंघालं पायजे,
आंधया भोकाचा काई उपेग नाई,
तिथं कोनी राहाले येत नाई.

मंग हे पायाड काढाल कवा?

काढाचं नाई.
हाड चढत जाईन
अन् पायाड खात जाईन.

असा हिशोब मले जमला नाई.
पायाड उतरवल्याबिगर
कोनाले घर देत नाई आपन.
बांबू, बल्ल्या, सुतयी, मोजून वापस.
चार मयने खाटेवर तेच घोकलं,
आज आत कोन चढलं अशीन,
कोनाच्या घमेल्यात काय अशीन,
कोनी वरतून "माल!" म्हनून वरडत अशीन
अन् मालकालेच आयकू येत नशीन.

मंग बाई म्हने, आता वजन द्या.
वजन नाई देल्लं तं हाड आयशी होते.
द्वारकेच्या खांद्याले धरून
पयल्या दिवशी सात पावलं.
आठवं टाकलं नाई,
उद्यासाठी ठेवलं.

वर्सानं फोटो काढला.
खडे कुठी सरले न् हाड कुठी लागलं
बाईनं पेनानं दाखवाले घेतलं,
पेन मधातच थांबला.
थोडे खडे दिसत होते अजून,
सकायच्या धुयीतल्या मेंढरायवानी.

शायेचं काम दुसऱ्या मिस्त्रीनं उरकलं होतं.
पायाडाची दोन भोकं तशीच रायली,
बल्ली घुसवाची.
हेडमास्तर म्हने, शालिग्राम, बुजवून दे बापा,
पानी येते वर्गात.

शिडी लावली. लतीफ खाली धरून उभा.
एक भोक बुजवलं, थापी फिरवली.
दुसऱ्यात बोट घातलं
तं गवत लागलं. आत कायतरी हाललं.

हेडमास्तरले सांगतलं, मसाला पुरला नाई.
अर्धं घमेलं उरलं होतं,
लतीफ घमेल्याकडं पाहे, माह्याकडं पाहे,
बोलला काई नाई.

उतरतानी पयले तोच पाय टेकवला.