खरं

रात्री अकराला फोन उजळतो:
भरमाणी गुरवची फ्रेंड रिक्वेस्ट.
पेराएवढ्या फोटोत तो, गॉगल लावून,
मागं जांबोटीचा घाट.

'स्वीकारा'वर माझं बोट जात नाही,
'काढून टाका'वरही नाही.

माझ्या पानावर झोपेच्या पाच सूचना आहेत,
एकदा मराठीत, एकदा कन्नडात.
अंगठे पुष्कळ. कुठला कुणाचा
हे मी बघत नाही, असं म्हणते.

गेल्या मंगळवारी तो रेंजसाठी
मोरीच्या कठड्यावर चढून बसला होता.
पडद्यावर अर्धा चेहरा, अर्धं आभाळ.
"झोप येत्या?"
"येत्या की डॉक्टर. खरं..."
आणि चित्र थिजलं.

पुण्यात शिकताना
खरं म्हणजे खरं होतं.
इथं बेळगावात खरं म्हणजे 'पण',
आणि माणूस त्याच्या पुढं सुरू होतो.

पेशंटचं पान उघडू नये.
नाही उघडलं.
सकाळी दवाखान्याच्या साध्या फोनवरून म्हटलं,
भरमाणी, गुरुवारी ये. खानापूरची पहिली बस धर.

"येतो बघा," म्हणाला.
"खरं..."

या वेळी रेंज होती.
मी गप्प बसले.