हातचा एक

सांतोन्याच्या कारखान्यात आम्ही अकरा जणी
सकाळी सहापासून अँचोवी सोलतो.
बोटभर मासा, आठ महिने मिठात मुरलेला,
मधला काटा असा उचलायचा
की माशालाही कळू नये.
एवढं माझ्या बोटांना येत होतं.
म्हणून लिबोरियो म्हणाला, "तुला शिकवायला
माझं अर्धंच आयुष्य लागेल."
उरलं होतं त्याहून कमी.

तो जहाजावरचा आचारी. आता बंदरावरच्या बारमधलं
कोपऱ्यातलं टेबल, हिरव्या कापडाचा तुकडा
आणि चाळीस पत्त्यांचा कॅट:
नाणी, पेले, तलवारी, सोटे.
गुलाम, घोडेस्वार, राजा. आमच्या कॅटमध्ये राणी नसते.
"कुठे गेली, ते कुणी विचारतं?
हीच पहिली जादू."

पहिला अख्खा हिवाळा एकच धडा.
पत्ता तळव्यात धरायचा
आणि हात रिकामा आहे हे आधी हातालाच पटवायचं.
दार उघडताना, पाव तोडताना,
डाव्या हाताने आईच्या पाठीला मलम चोळताना
उजव्यात नाण्यांची सत्ती.
शाळेत बेरजेच्या वेळी बाई ओरडायच्या, हातचा एक विसरू नका!
मी विसरायला शिकत होते.
आठवला की अंगठा ताठतो, आणि अंगठा चुगलखोर.

दुसरा धडा त्याने उभ्यानेच दिला, कोट घालता घालता:
"तू बघशील तिकडे लोक बघतात.
हाताकडे बघू नकोस. डोळ्यांत बघ, काहीतरी विचार."
बारमध्ये हे चाललं. पोस्टमन फसला,
ट्रॉलरवरचे दोघे भाऊ फसले,
एकाने तर माझा हात उलटा करून फुंकर मारली.

मग कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत,
मी व्हिसीच्या डोळ्यांत बघून विचारलं,
मुलीचं लग्न कधी?
"सप्टेंबरात," व्हिसी म्हणाली,
माझ्या हातावरची नजर न काढता.
दहा जणी, वीस डोळे. एकही वर नाही.
आम्ही दिवसभर बोलतो ते असंच,
गप्पा कानाने, डोळा सुरीपाशी.
"उजव्या तळव्यात आहे गं," ती म्हणाली,
जणू बाटलीत काटा राहिलाय.
हात दाखवून अवलक्षण.

लिबोरियो खोकला येईपर्यंत हसला.
नंतर बराच वेळ नुसताच पत्ते पिसत राहिला.
"हाताकडेच बघतात ना?
मग हात त्यांचेच घे."

सात आठवडे गेले. काय केलं ते सांगणार नाही.
शुक्रवारी, भोंग्याआधी,
व्हिसीला पेल्यांची दुर्री दाखवली,
तिच्या तळव्यावर पालथी ठेवली,
तिचाच दुसरा तळवा वर.
मी तीन पावलं मागे सरले
आणि माझे दोन्ही हात मिठाच्या पिंपात घातले, कोपरापर्यंत.
बघा आता कुणाकडे बघायचं ते.

सगळ्या व्हिसीच्या हातांकडे बघत होत्या.
"उघड," मी म्हटलं.
ती उघडेना.
तिला काहीतरी जाणवलं असावं, किंवा नसावं.
छतावरचा पंखा तेवढा फिरत होता.
मग उघडलं. नाण्यांची सत्ती.

टाळ्या नाहीत. कुणी "कसं केलंस" म्हणालं नाही.
व्हिसीने पत्ता हुंगला,
मग बाजूला धरून स्वतःचाच तळवा पाहिला,
मागून, पुढून, बोटांच्या बेचक्यांतून.
एकतीस वर्षं हा हात
तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता.

पत्ता एप्रनच्या खिशात घालून ती टेबलाशी गेली.
त्या दुपारी तिच्या दोन बाटल्यांत काटे निघाले.
मी सत्ती परत मागितली नाही.

लिबोरियोने रात्री कॅट मोजला, तो नेहमी मोजतो.
"एकोणचाळीस," म्हणाला. "काय म्हणाली ती?"
"काही नाही."
"काहीच नाही?"
त्याने माझ्यासाठी वाईन ओतली, पहिल्यांदाच,
आणि माझ्या हातांना मिठाचा वास येतोय
असं म्हणून खिडकी उघडली.