झिबलचा दंड

खैरीच्या दवाखान्यात, सलाइनच्या खोक्यांआड
संगमरवरी साहेब वाकलाय
मांडीवरच्या पोराच्या दंडावर.
दीडशे वर्षं झाली,
नस्तर अजून टेकलेलं नाही.

साहेबाचं नाव खाली, तीन ओळी.
पोराचं नाही.
गावानंच ठेवलं : झिबल.

म्हणतात, खऱ्या झिबलला बंडीत घालून
गावोगाव नेलं,
त्याच्या फोडातलं पाणी पुढच्या पोराच्या दंडात;
माय मागून चालत,
मरीमायला कोंबडं कबूल करत.

बुधवारी मी फडकं मारतो.
साहेबाच्या टकलावर धूळ,
झिबलच्या दंडावर हळद.
धूळ निघते.

मे महिन्यात तापलेली लेकरं घेऊन बाया येतात,
नंबर लागेपर्यंत
लेकराचा तळवा त्या दंडाला लावून उभ्या.

गार असतो.