कुणी नव्हतं

पाळोळेला गाडी लावायला जागा मिळाली नाही.
वाळूवर खुर्च्यांच्या तीन रांगा,
लाटेआधी स्पीकर पायाशी येत होता.
मालन म्हणाली, चल, अजून खाली जाऊ,
आणि आम्ही दोघींनी तळपणच्या पुलाजवळ
इनास बार्रेटोकडे खोली घेतली.

मी पहिल्याच संध्याकाळी विचारलं,
जे त्याला सगळेच विचारत असणार :
गर्दी नसलेला किनारा कुठला?

तो आमच्या उशांच्या खोळींना इस्त्री करत होता.
बावीस वर्षं हेच केलं, म्हणाला,
जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली,
जिथं खिडकी नसते.
युरोप त्याला कपड्यांवरून ठाऊक.
व्हेनिस म्हणजे तीन हजार चादरी.
बार्सिलोना म्हणजे वाइनचे डाग, लगेच मीठ चोळायचं.
सांतोरिनीची काळी वाळू टॉवेलातून
चार धुण्यांनंतरही निघत नाही.
"वरती लोक कठड्याला रेलून शहर बघायचे,
शहर आमच्याकडे पाठ करून उभं."

मग इस्त्री उभी करून ठेवली.
एकदाच, म्हणाला, इंजिन बंद पडलं
कुठल्याशा बेटाबाहेर, क्रोएशियाकडे.
बंदर उथळ, म्हणून जहाजं त्या गावाला ओळखत नव्हती.
एका आचाऱ्याचं पोट फुगलं होतं.
त्याला छोट्या बोटीतून दवाखान्यात न्यायचं,
सोबत मी.
नऊ-दहा घरं. भिंतीवर मिठाचे पापुद्रे.
सज्जात एक म्हातारी चादर वाळत घालत होती,
कोपरे जुळवून, अगदी माझ्यासारखी.
तिनं मला पाहिलं
आणि घरात तोंड करून काहीतरी ओरडली.

"काय ओरडली?"
"उद्या जाऊन या आधी," इनास म्हणाला.
"पूल ओलांडा. निळ्या दाराचं कपेल लागेल.
पुढं रस्ता संपल्यासारखा वाटेल.
वाटू दे."

गेलो.
सुरूच्या बनातून पायाखाली सुया मोडत,
आणि एकदम समुद्र,
धुऊन अजून घडी न घातलेला.
दोन तास बसलो. मालननं संत्री सोलली.
मी फोटो काढले.
चौकटीत कुणी येऊ नये
म्हणून तीनदा जागा बदलली.

"कसा होता?" संध्याकाळी इनासनं विचारलं.
"सुंदर. कुणीसुद्धा नव्हतं."

"पिएदाद नव्हती? नदीच्या मुखाशी तिसऱ्या काढत?"
होती. एक बाई होती खरी.
"तिचा मुका भाऊ? होडीच्या सावलीत झोपतो."
पाय दिसले होते.
"रापणीवरचे सातजण?"
ते खूप लांब होते, मी म्हटलं.
"आणि शाबलो?"
तो पिवळा कुत्रा? त्यानं आमच्या संत्र्याच्या साली हुंगल्या.
"म्हणजे दहा," इनास म्हणाला,
ओरडला नाही, हसलासुद्धा नाही,
जहाजावर टॉवेल मोजून द्यावेत
तसं.

मालन नखातलं संत्र काढत बसली.
मी फोन उघडून फोटो बघितले :
वाळू, पाणी, वाळू.
एका कोपऱ्यात कापली गेलेली टोपली,
तिच्यावर अर्धा हात.

रात्री माशांची आमटी वाढताना
त्यानं आपण होऊन सांगितलं.
तो शब्द त्यानं तोंडात धरून ठेवला होता,
आठ महिन्यांनी जहाजावर एक क्रोएशियन फिटर आला,
त्याला म्हणून दाखवला.
फिटर म्हणाला, साधंच आहे.
कुणीतरी आलंय.

आता आठवतं,
आम्ही बनातून बाहेर पडलो तेव्हा
ती टोपलीवाली बाई कमरेत सरळ झाली होती,
ओला हात कपाळावर धरून,
आणि झोपड्यांकडे बघून ओरडली होती :
कोणतरी आयलां!

मला वाटलं होतं, कुत्र्याला बोलावतेय.